छोट्या पेटीतला खर्ज

होम थिएटरसाठी सबवूफर घेऊ पाहणाऱ्याच्या मनात सहसा तीन अपेक्षा एकत्र नांदत असतात: पेटी सोफ्याच्या कडेला किंवा टीव्ही युनिटच्या खणात मावेल इतकी लहान असावी, तिचा आवाज अगदी तळापर्यंत उतरावा आणि तो दणदणीतही असावा. यांपैकी दोन अपेक्षा एका वेळी पुऱ्या होऊ शकतात, तिसरीवर मात्र पाणी सोडावे लागते. ध्वनितंत्रात ही अडचण 'हॉफमनचा लोहनियम' या नावाने ओळखली जाते. जोसेफ अँटन हॉफमन हे प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव, आणि १९५७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' त्यांचाच. स्पीकरची कार्यक्षमता, म्हणजे त्याला दिलेल्या विजेचा जो अंश प्रत्यक्ष ध्वनीत उतरतो तो, पेटीच्या आकारमानावर आणि ती गाठू शकेल अशा सर्वांत खालच्या वारंवारतेच्या घनावर अवलंबून असतो, असे या नियमाचे गणित आहे. त्यामुळे ४० हर्ट्झपर्यंत उतरणारा स्पीकर तितक्याच कार्यक्षमतेने २० हर्ट्झपर्यंत न्यायचा असेल, तर पेटी आठपट मोठी करावी लागते; आणि पेटी तेवढीच ठेवायची असेल, तर कार्यक्षमता एक अष्टमांशावर येते. आटोपशीर सबवूफर निवडणे म्हणजे ही तूट कुठे आणि किती सोसायची ते ठरवणे होय.

हर्ट्झ हे एका सेकंदातल्या कंपनांचे माप आहे. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, आणि त्यांतली २० ते ८० हर्ट्झ ही तळाची दोन सप्तके सबवूफरच्या वाट्याला येतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यावरची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. म्हणजे मैफिलीत ज्याला खोल स्वर मानले जाते तो या प्रदेशाच्या वरच्या वेशीजवळच उभा असतो, तर चित्रपटातला भूकंप किंवा अंतराळयानाची घरघर त्याच्याही खाली दीड सप्तकाहून अधिक उतरू शकते. इतक्या खाली कानही मंद होतो. डेसिबल हे ध्वनीच्या तीव्रतेचे माप गुणाकाराने चढते, दर दहा डेसिबलला ऊर्जा दहापट होते; १००० हर्ट्झचा ध्वनी शून्य डेसिबलच्या आसपास ऐकू येऊ लागतो, तर २० हर्ट्झचा ध्वनी नुसता जाणवण्यासाठीही सुमारे ७८ डेसिबलचा असावा लागतो. दोहोंच्या ऊर्जेत सहा कोटींहून अधिक पटींचा फरक आहे, आणि तो भरून काढण्याचे काम जेवणाच्या डब्याहून थोड्याच मोठ्या दिसणाऱ्या पेटीकडे सोपवले जाते.

ते काम किती अवघड आहे, हे एका छोट्या हिशेबावरून दिसते. आठ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या सबवूफरच्या शंकूचे, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या पडद्याचे, कामाचे क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर असते. तो मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर हलला, तर दर खेपेला एका दिशेने पाव लिटरहून थोडी कमी हवा ढकलली जाते. मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवलेल्या अशा पेटीपासून एक मीटर अंतरावर, तेवढ्याच हालचालीत, ८० हर्ट्झला सुमारे १११ डेसिबल आवाज मिळतो, ४० हर्ट्झला ९९ आणि २० हर्ट्झला अवघा ८७. एक सप्तक खाली उतरले की तीच हालचाल बारा डेसिबलने तोकडी पडते, आणि आवाज तितकाच राखायचा तर चौपट हवा हलवावी लागते. बारा इंची पडद्याचे क्षेत्रफळ आठ इंचीच्या दुपटीहून अधिक असल्याने त्याला हे ओझे पेलवते. लहान पडद्याला मात्र क्षेत्रफळातली उणीव लांब हालचालीने भरून काढावी लागते, आणि म्हणूनच चांगल्या छोट्या सबवूफरच्या पडद्याची रबरी कडा एवढी जाडजूड आणि फुगीर दिसते.

पेटी लहान करण्याची पहिली मोठी युक्ती एडगर व्हिलचर यांची. १९५४ साली त्यांनी हेन्री क्लॉस यांच्यासह ॲकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि हवाबंद पेटीतल्या हवेलाच पडद्याची स्प्रिंग म्हणून राबवले. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या रेटताना हाताला जो विरोध जाणवतो, तोच पेटीतली हवा पडद्याला करते. पेटी जितकी लहान तितका हा विरोध कडक, आणि तितकी तळाच्या स्वरांची गळती वरूनच सुरू होते. बंद पेटीत ही गळती दर सप्तकाला बारा डेसिबलने होते. ती भरून काढण्यासाठी ॲम्प्लिफायरला तळाचे स्वर मुद्दाम वाढवून द्यावे लागतात, आणि बारा डेसिबल वाढवायचे म्हणजे सोळापट वीज ओतायची. बॉब कार्व्हर यांनी १९९०च्या दशकात सनफायर कंपनीचा जो सबवूफर आणला, त्याची पेटी जेमतेम ११ इंचांचा घन होती आणि आतल्या ॲम्प्लिफायरची क्षमता २,७०० वॉट सांगितली जात होती. २०२१ साली आलेल्या केईएफच्या केसी ६२ या सबवूफरमध्ये जवळपास २५ सेंटिमीटरच्या घनात साडेसहा इंची दोन पडदे आणि प्रत्येकी ५०० वॉटचे दोन ॲम्प्लिफायर बसवलेले आहेत. हे दोन पडदे पाठीला पाठ लावून एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जातात, त्यामुळे त्यांचे हादरे परस्परांना छेदतात आणि पेटी फरशीवर सरकत नाही. पडदा एकच असलेली हलकी पेटी मात्र जोरदार प्रसंगात अक्षरशः चालू लागते.

दुसरी वाट भोक असलेल्या पेटीची. तिच्या पोर्टमधली, म्हणजे नळीतली, हवा एका ठरावीक वारंवारतेला पडद्याला साथ देते आणि थोड्या विजेत अधिक आवाज मिळतो; पण पेटी लहान असली की नळी अरुंद आणि लांब करावी लागते, आणि मोठ्या आवाजात तिच्या तोंडातून हवेची फुसफुस ऐकू येते. म्हणून लहान पेट्यांत नळीऐवजी कॉइल-चुंबक नसलेला, हवेच्या दाबानेच हलणारा पडदा बसवण्याची पद्धत आहे. त्याला पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात. या दोन्ही प्रकारांत ठरलेल्या वारंवारतेखाली आवाज दर सप्तकाला चोवीस डेसिबलने, म्हणजे बंद पेटीच्या दुप्पट वेगाने, कोसळतो.

माहितीपत्रकातले आकडे या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. भारतीय बाजारात एके काळी डब्यांवर हजारो वॉट 'पीएमपीओ' छापण्याची मोठी हौस होती. हा आकडा क्षणार्धापुरत्या काल्पनिक उच्चांकाचा असतो आणि त्याच्याशी खरेदीदाराला काही कर्तव्य नाही. सलग पुरवल्या जाणाऱ्या विजेचा आरएमएस आकडा त्याहून प्रामाणिक, पण तोही पडदा किती हवा हलवू शकतो ते सांगत नाही. त्याहून फसवा आकडा सर्वांत खालच्या वारंवारतेचा. छोट्या सबवूफरमधला संगणकीय नियंत्रक आवाज वाढू लागताच पडदा फाटू नये म्हणून तळाचे स्वर गुपचूप आवरते घेतो, त्यामुळे हलक्या आवाजात २० हर्ट्झ देणारी पेटी मोठ्या आवाजात ३५ किंवा ४० हर्ट्झलाच थांबू शकते. ही लबाडी नसून शहाणपणाची तडजोड आहे. मात्र किती डेसिबलला किती हर्ट्झ, हे न सांगता छापलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

जोडीला कोणते स्पीकर आहेत, हा प्रश्न खरेदीत बहुधा मागे पडतो. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आले, आणि त्यातून ५.१ हा आकडा पुढे घरोघरी पोहोचला. त्यातला पाच हा पूर्ण ध्वनिमार्गांचा आणि बिंदूनंतरचा एक हा १२० हर्ट्झपर्यंतच्या फक्त धमक देणाऱ्या मार्गाचा. या मार्गाला इतरांच्या मानाने दहा डेसिबल अधिक वाव दिलेला असतो. याशिवाय लहान स्पीकरना न झेपणारे तळाचे स्वरही रिसीव्हर सबवूफरकडे वळवतो, आणि ही वाटणी जिथे होते त्या वारंवारतेला क्रॉसओव्हर म्हणतात. ती ८० हर्ट्झच्या आसपास असेल तर आवाज कोणत्या दिशेने येतो ते कानाला फारसे ओळखता येत नाही आणि पेटी कोपऱ्यात लपवता येते. पण मुठीएवढ्या स्पीकरांसाठी ती १५० हर्ट्झवर न्यावी लागली, तर मागच्या कोपऱ्यातल्या सबवूफरमधून पुरुषपात्रांचा आवाज झिरपू लागतो. अशा संचात सबवूफर टीव्हीजवळच ठेवावा लागतो.

तरीही पेटीपेक्षा खोलीचा वाटा मोठा असतो. २० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ मीटर, म्हणजे ती बहुतेक फ्लॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतही मावत नाही. मुंबई-पुण्याकडच्या दहा फूट बाय पंधरा फुटांच्या हॉलमध्ये लांबीच्या दिशेने सुमारे ३८ हर्ट्झची आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झची लहर दोन समोरासमोरच्या भिंतींत अडकून स्थिर उभी राहते. अशा लहरीचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर शून्याजवळ असतो. म्हणून मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर जो स्वर घुमतो, तोच स्वर खोलीच्या मध्यावरच्या खुर्चीत बसणाऱ्याला जवळपास ऐकूच येत नाही. रिसीव्हरमधली दुरुस्तीची यंत्रणा घुमणारे स्वर कापू शकते, पण जिथे लहरी एकमेकींना मारतात तिथे कितीही वीज ओतली तरी स्वर उगवत नाही. टॉड वेल्टी यांनी २००२ साली मांडलेल्या अभ्यासातून असे दिसले, की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर हा असमतोल बराच कमी करतात. एका मोठ्या पेटीऐवजी दोन लहान पेट्या घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे, कारण दोन मोठ्या पेट्या पंधरा फुटी हॉलमध्ये ठेवायला घरात कोणी संमती देणार नाही.

खोली एक मदतही करते. सर्वांत खालच्या स्थिर लहरीच्या, म्हणजे इथे ३८ हर्ट्झच्या, खाली बंद खोलीतली हवा एकत्रच दाबली आणि सैलावली जाते आणि आवाज घटण्याऐवजी तोलला जातो. बंद पेटीची बारा डेसिबलची गळती त्यातून काही प्रमाणात भरून निघते. अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या भिंतींतून हा दाब निसटतो, इकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो धरून ठेवतात. तिकडच्या प्रशस्त तळघरांसाठी लिहिलेला, मोठीच पेटी घ्या, हा सल्ला म्हणूनच येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. हॉल स्वयंपाकघराकडे आणि पॅसेजकडे सताड उघडा असेल, तर मात्र ही मदत बरीचशी वाया जाते.

याच काँक्रीटचा दुसरा गुण शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो. पेटीखाली रबराचे पाय किंवा जाड फोमची बैठक दिल्याने स्लॅबमध्ये थेट उतरणारे हादरे कमी होतात, पण हवेतून भिंतीत शिरणारी धमक त्याने थांबत नाही. भारतातील २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, परंतु हे माप 'ए' पट्टीवर घेतात, आणि ती पट्टी ३१.५ हर्ट्झच्या ध्वनीतले सुमारे ३९ डेसिबल वजा करते. परिणामी खालच्या मजल्यावर ८० डेसिबलची घरघर पोहोचली तरी मीटर ४१ दाखवतो आणि तक्रार कागदावर टिकत नाही. छोट्या सबवूफरची आवाजाची कमाल मर्यादा हा फ्लॅटमध्ये तोटा ठरत नाही तो शेजाऱ्यांमुळेच, मोठी पेटी आणली तरी तिची ताकद वापरायला सोसायटीत सवड नसते.

जागा ठरवण्याची जुनी युक्ती अजूनही सर्वांत स्वस्त आहे. सबवूफर उचलून बसण्याच्या जागी, म्हणजे सोफ्यावर, ठेवायचा, एखादी चालती बेसची सुरावट लावायची आणि जिथे जिथे पेटी ठेवणे शक्य आहे तिथे तिथे जमिनीवर रांगत जाऊन ऐकायचे; जिथे सगळे स्वर सारख्या वजनाने कानावर येतात, ती पेटीची जागा. दहा-चौदा किलोच्या छोट्या पेटीबाबत हे एकट्याने जमते, चाळीस किलोच्या पेटीला दोन माणसे लागतात. त्यानंतर २० पासून १०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा शुद्ध स्वर लावला, की घरातल्या वस्तू एकेक करून बोलू लागतात: ३० च्या आसपास खिडकीची सरकती काच, ४५ ला शोकेसचे दार, ६० ला मांडणीवरची स्टीलची ताटे. यांतली बरीचशी खरखर लोक सबवूफरच्या माथी मारतात आणि पेटी परत करायला निघतात; खरे पाहता शोकेसच्या दाराखाली चिकटवलेल्या फेल्टच्या दोन तुकड्यांनी ती गप्प होते.