मुंबई ते जेद्दा : तिकिटावर तीन तास, प्रवास मात्र साडेपाच तासांचा

उमऱ्याचं तिकीट हातात आलं की घरात सगळे आधी वेळ बघतात. समजा, विमान मुंबईहून रात्री ९ वाजता सुटतं आणि जेद्दाला रात्री १२ वाजता पोहोचतं, असं तिकिटावर आहे. लगेच कुणीतरी म्हणतं, "चला, तीनच तास!" पण हा हिशेब बरोबर नाही, आणि त्याचा परिणाम थेट एहरामवर होऊ शकतो. म्हणून हे गणित आम्ही इथे सोपं करून देत आहोत.

खरा वेळ किती?

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण पाच ते साडेपाच तास लागतात. परतताना वारा पाठीमागून मिळतो, त्यामुळे बहुधा थोडा कमी वेळ लागतो.

तिकिटावर सुटण्याची वेळ भारताची आणि पोहोचण्याची वेळ सौदीची असते. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. म्हणजे जेद्दात १२ वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

मीकात कधी येते?

जेद्दाला उतरण्याच्या साधारण अर्धा ते पाऊण तास आधी विमान मीकातवरून जातं. आपल्या उदाहरणात ही वेळ मुंबईच्या घड्याळाप्रमाणे पावणेदोन ते दोनची, म्हणजे ऐन झोपेची. बोटीने हज होत असे तेव्हा प्रवासाला बारा-पंधरा दिवस लागत आणि तयारीला सवड मिळे. विमानात मीकात काही क्षणांत मागे पडते. उमऱ्याची नियत न करता ती ओलांडली, तर मीकातवर परत जाऊन एहराम बांधावा लागतो, नाहीतर दम म्हणजे कुर्बानी द्यावी लागते.

मग काय करावं?

- एहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.
- गुस्ल घरीच करा. पुरुषांनी एहरामचे कपडे घरी किंवा मुंबई विमानतळावरच घालावेत. विमानातल्या छोट्या बाथरूममध्ये ज्येष्ठांचे हाल होतात.
- नियत आणि तलबिया विमान सुटल्यावर करा. मीकातच्या आधी नियत केली तरी चालते. पण घरीच नियत केली आणि विमानाला उशीर झाला, तर तेवढा वेळ एहरामची बंधनं पाळावी लागतात.
- विमानात घोषणा होते, पण तिच्यावरच विसंबू नका. मोबाइलवर उतरण्याच्या दीड तास आधीचा अलार्म लावा.
- दुबई किंवा रियाधला विमान बदलायचं असेल, तर तिथेच एहरामचे कपडे घालता येतात.

आधी मदीना असेल तर?

थेट मदीनेला उतरणाऱ्यांना विमानात एहरामची गरज नाही. मदीनेहून मक्का सुमारे ४५० किलोमीटर आहे. बस वाटेत जुलहुलैफा, म्हणजे अब्यार अली इथे थांबते, तिथे नियत करता येते. रेल्वे मात्र मीकातवर थांबत नाही, म्हणून हॉटेलमधूनच एहराम घालून निघा.

जेद्दाहून मक्का सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे सव्वा-दीड तासाचा रस्ता. काही शंका असल्यास निघण्याआधीच आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा. अल्लाह सर्वांचा उमरा कबूल करो, आमीन.