एका पैशाचे कोटी

मध्य प्रदेशातल्या रीवा सौर प्रकल्पाची क्षमता ७५० मेगावॉट. सूर्य चोवीस तास राबत नाही, म्हणून वर्षाच्या हिशेबात क्षमतेच्या २० टक्केच वीज मिळते असं धरू. तरी वर्षाला १३१ कोटी युनिट होतात. आता युनिटमागे फक्त एक पैसा कमी करा. वर्षाला १ कोटी ३१ लाख वाचले. करार २५ वर्षांचा, म्हणजे जवळपास ३३ कोटी. एका पैशाचे!

प्रत्यक्षात भाव रुपयांनी उतरला. राष्ट्रीय सौर अभियानाच्या २०१०च्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैसे होती. फेब्रुवारी २०१७मध्ये रीवाचा उलटा लिलाव, म्हणजे सर्वांत कमी दर मागेल त्याला काम, ३३ तास चालला आणि पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैशांवर आला.

बरंचसं श्रेय पॅनेलचं. विमानांचा खर्च अभ्यासणाऱ्या टी. पी. राइट यांनी १९३६ साली दाखवलं होतं की, आजवरचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका नगाचा खर्च ठरावीक टक्क्यांनी घटतो. हात शिकत जातात. सौर पॅनेलमध्ये ही घट सुमारे २० टक्के. १९७६ ते २०१९ या काळात जगातली सौर क्षमता जवळपास २१ वेळा दुप्पट झाली. शंभर रुपयांना २१ वेळा ०.८ने गुणून पाहा, उरतात ९२ पैसे.

पण हात शिकले तरी सावकारही शिकायला हवा. सौर प्रकल्पाला कोळसा लागत नाही. जवळपास सगळा खर्च आधीच, तोही बहुतेक कर्जाचा. हजार कोटींचं कर्ज २० समान वार्षिक हप्त्यांत फेडायचं, तर १० ऐवजी ९ टक्के व्याजाने सुमारे १५८ कोटी वाचतात. गृहकर्ज फेडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि व्याज ठरतं भीतीवर. वीज घेणाऱ्याने पैसे थकवले तर? ग्रिडने वीज उचललीच नाही तर? रीवात जागतिक बँक समूहातल्या आयएफसीच्या सल्ल्याने हे प्रश्न बोलीआधीच कागदावर घेतले गेले. देणी थकली तर राज्य सरकारची हमी, ग्रिडमुळे वीज वाया गेली तर भरपाई, असं करारातच आलं. धोके ओळखून त्यांची उत्तरं लिहून ठेवणं म्हणजेच ‘ज्ञान व्यवस्थापन’. हा शब्द परिसंवादात ऐकला की मला जांभई येते; इथे मात्र ते एका कराराच्या कलमांत बसलं आहे आणि त्याची किंमत पैशांत मोजता येते. या विजेवर आज दिल्ली मेट्रोही धावते.

मे २०१७मध्ये राजस्थानातल्या भडला इथे दर २ रुपये ४४ पैशांवर गेला, डिसेंबर २०२०मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैशांवर.

कमावलेली खात्री गमावताही येते. २०१९मध्ये आंध्र प्रदेश सरकारने आधी सही केलेले पवन आणि सौर करार पुन्हा वाटाघाटीला काढले. ठरलेल्या दराने पैसे द्या, असं उच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २०२२ उजाडलं. अशा बातमीने बँकांनी व्याज ९ टक्क्यांवरून साडेनऊ टक्के केलं, तर त्याच हजार कोटींवर २० वर्षांत सुमारे ७९ कोटींचा बोजा वाढतो, आणि तो विजेच्या दरातूनच वसूल होतो.