पाणी आहे, पण वर्दळ गेली

मंडळी, ऊन पाण्याची कुंडं आपल्याला नवी नाहीत. वज्रेश्वरीला, उनपदेवला माणसं अंग शेकायला जातातच. आज अशाच एका दूरच्या गावाची हकीकत ऐकू या.

काळ्या समुद्राच्या पूर्वेला जॉर्जिया हा देश आहे. त्याच्या उत्तरेला कॉकेशस पर्वत. त्या पर्वताच्या पायथ्याकडे, कुताइसी शहराजवळच्या खोऱ्यात त्स्काल्तुबो वसलं आहे.

इथलं पाणी जमिनीतून निघतं तेच मुळी ३३ ते ३५ अंश सेल्सिअसचं; आपल्या अंगाहून जरासं कमी ऊन. तापवायला नको, निववायला नको. हौदात सोडायचं नि वाहतं ठेवायचं. त्यात रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू थोडासा असतो. सांधेदुखीच्या रोग्यांना या पाण्यात बसवीत. पण ठराविक वेळच. कारण हाच वायू वर्षानुवर्षं श्वासातून गेला, तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आता गंमत पहा. रेडॉन सुमारे ४ दिवसांत निम्मा होतो, शिवाय उघड्या पाण्यातून उडूनही जातो. मग हे पाणी बाटलीत भरून कुठं धाडणार? पाणी माणसाकडे जाईना, म्हणून माणसं पाण्याकडे आली. १९३१ साली सोव्हिएत सरकारनं इथं आरोग्यस्थान ठरवलं. उंच खांबांची आरोग्यभवनं उठली. कामगारांना सरकारी चिठ्ठी मिळे, मॉस्कोहून थेट आगगाडी येई. खुद्द स्टालिनसाठी इथं वेगळं स्नानगृह बांधलं होतं.

१९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. चिठ्ठ्या बंद झाल्या, गाड्या थांबल्या, भवनं ओस पडली. पुढं १९९२-९३ साली अबखाझियात युद्ध पेटलं. घरंदारं सोडून निघालेली हजारो माणसं इथं आली. रोग्यांच्या खोल्यांत कुटुंबांनी चुली मांडल्या. काही आठवड्यांच्या उपचारासाठी बांधलेल्या त्या खोल्या. तिथं मुलं जन्मली, वाढली, शाळेला गेली! पुढं बऱ्याच कुटुंबांना सरकारनं नवी घरं दिली, पण त्यासाठी कित्येक वर्षं जावी लागली.

काही स्नानगृहं आजही चालू आहेत. बहुतेक जुनी भवनं मात्र पडझडीला आली आहेत. झरा आटला नाही, पाण्याची ऊबही गेली नाही. गेली ती माणसांना इथवर आणणारी व्यवस्था. गुरुजींनी नकाशावर हे खोरं दाखवताना मुलांना एवढं जरूर विचारावं : गाव नुसत्या पाण्यावर जगतं, की आणखी कशावर?