पसंतीक्रम

13 ऑक्टोबर 1967. ओबीसी प्रवर्गातून मेडिकलला अर्ज करायचा असेल, तर ही तारीख घरात सगळ्यांना पाठ होते. त्या दिवशी किंवा त्याआधी आपलं घराणं महाराष्ट्रात राहत होतं आणि अमुक जातीचं होतं, हे कागदानिशी दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी हीच तारीख 10 ऑगस्ट 1950 आहे, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961. डोंबिवलीत कितीतरी घरांतले आजोबा कोकणातून, खानदेशातून नाहीतर घाटावरून आलेले. त्यामुळे हा पुरावा घरातल्या कपाटात सापडत नाही. तो असतो गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, शाईने लिहिलेल्या एका ओळीत.

मी कल्याणच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आजी-माजी विद्यार्थ्यांच्या घरून फोन सुरू होतात. ‘मॅडम, जरा येऊन फॉर्म बघाल का?’ पेपर मुलं एकटी देतात, पण प्रवेशाचं काम अख्खं घर करतं, आणि ते काम मला पेपराइतकंच अवघड वाटतं.

गेल्या खेपेला डोंबिवली पश्चिमेच्या एका मुलीच्या घरी जाणं-येणं होतं. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात, शिफ्टची नोकरी. रजा काढून ते गुहागर तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. आजोबा तिथे चौथीपर्यंत शिकलेले. रजिस्टरात आजोबांचं नाव होतं, त्यांच्या वडिलांचं होतं, जातीच्या रकान्यात ‘कुणबी’ होतं, पण आडनाव नव्हतं. त्या काळच्या नोंदींत हे नेहमीचं. मुख्याध्यापकांनी निर्गम उतारा करून दिला. मग आडनावाचा दुवा जोडणारा दुसरा कागद, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मूळ गावच्या प्रांताकडून जातीचा दाखला आणि शेवटी पडताळणी समितीकडून जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात ते. आणखी जुन्या नोंदी मोडीत असल्या तर वाचणारा माणूस शोधावा लागतो. डोमिसाइल मात्र राहत्या जागेचं, म्हणून डोंबिवलीकरांनी कल्याणचं तहसील कार्यालय गाठायचं. नॉन-क्रिमी लेअरचं प्रमाणपत्र पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. त्यात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असलं की आणखी एक प्रतिज्ञापत्र.

व्हॅलिडिटीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रावर करता येतो. मी अकरावीच्या पहिल्या पालकसभेत हे सांगते आणि पुढच्या प्रत्येक सभेत परत सांगते. तरीही जूनमध्ये दरवर्षी एखादं तरी घर असं भेटतं, जिथे मुलीला उत्तम गुण आहेत आणि फाइल रिकामी आहे. ज्याच्या वडिलांना रजा मिळत नाही, ज्याच्या घरात कचेरीची भाषा कुणाला येत नाही, त्या मुलाची गुणवत्ता इथे अडते. याचा मला मनापासून त्रास होतो. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने जीवशास्त्राच्या तासाइतक्याच गंभीरपणे या कागदांसाठी वेळ राखून ठेवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहे. 2025 मध्ये ती 4 मे रोजी झाली, रविवारी दुपारी दोन ते पाच. 180 प्रश्न, 720 गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. दीड वाजता फाटक बंद. अर्ध्या बाह्यांचा साधा कपडा, पायात बूट नाहीत, पेनसुद्धा केंद्रावरच मिळतं. बाहेर पालक उन्हात सावली शोधत उभे.

निकालाच्या दिवशी मात्र एक गैरसमज घराघरांत होतो, तो सांगितलाच पाहिजे. लोक गुण बघतात आणि मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उघडतात. 2024 मध्ये पहिल्या निकालात 67 जणांना पैकीच्या पैकी होते. फेरपरीक्षा आणि सुधारित निकालानंतर 17 उरले. 2025 मध्ये भौतिकशास्त्र इतकं कठीण निघालं की देशात पहिला आला त्याला 686 गुण होते. सरकारी प्रवेशाच्या पट्ट्यात एकाच रँकला या दोन वर्षांत शंभराहून अधिक गुणांचा फरक पडला. 2025 च्या जूनमध्ये माझ्या ओळखीच्या घरांत आधी रडारड झाली. मग कुणीतरी रँक बघितली आणि आवाज बदलले. गुण मागच्या वर्षाशी ताडून बघायचे नसतात. अखिल भारतीय रँक आणि राज्याच्या यादीतला क्रमांक, एवढंच बघायचं.

इथपर्यंत आल्यावर मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांचं माहेर कल्याणचं, म्हणून वर्गात त्यांच्याबद्दल बोलताना मुलं जरा सरसावून बसतात. 1883 च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभं राहून त्यांनी आपण अमेरिकेला का चाललो आहोत, हे लोकांना सांगितलं. तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं, म्हणजे माझ्या बारावीतल्या मुलींचंच वय. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज करताना आपली औपचारिक तयारी कमी पडेल, हे मान्य करून त्यांनी आपला हेतू मांडला. अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना घेतलं आणि 1886 च्या मार्चमध्ये त्या एम.डी. झाल्या.

आपल्याकडच्या आजच्या प्रवेशात हेतू कुणी विचारत नाही. मुलाखत नाही, निबंध नाही. अपवाद पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचा, एएफएमसीचा, तिथे नीटनंतर मुलाखत होते. सेवाग्रामच्या महाविद्यालयाची स्वतःची प्रवेश परीक्षा होती तेव्हा त्यात गांधीविचाराचा एक पेपर असायचा, नीट आल्यावर तो गेला. मुलाखत नसण्यात मला मोठा न्याय दिसतो. गुहागरच्या शेतकऱ्याच्या नातीला कुणाच्या ओळखीची गरज लागत नाही, समोरच्या पॅनेलला तिचं इंग्रजी कसं वाटलं यावर काही ठरत नाही. पण ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ हा प्रश्न अकरावीपासून प्रवेशापर्यंत कुणीच विचारला नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत. तो प्रश्न अखेर प्रेफरन्स फॉर्मवर भेटतो, कॉलेजांच्या कोडच्या रूपात.

राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांच्या 85 टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलमार्फत भरतात, 15 टक्के अखिल भारतीय कोट्यातून. सीईटी सेलच्या फॉर्मवर एमबीबीएस आणि बीडीएसची कॉलेजं एकाच यादीत, आपल्या पसंतीच्या क्रमाने लावायची. संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि पहिली जी जागा त्याला मिळू शकते ती देतो. खालचं मग बघतच नाही. म्हणून ‘मिळेल असं वाटतं ते वर’ हा हिशेब चुकीचा. मुंबईचं केईएम सगळ्यात वर लिहिल्याने खालच्या कॉलेजची संधी जराही कमी होत नाही. क्रम इच्छेचा लावायचा, आणि जिथे जायचंच नाही किंवा जिथली फी झेपणारच नाही ते कॉलेज लिहायचं नाही. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, पटायला पूर्ण संध्याकाळ जाते.

त्या मुलीच्या घरी ती संध्याकाळ जेवणाच्या टेबलावर गेली. वडील खासगी कॉलेजांच्या फीचे आकडे एका वहीत मांडत होते. सरकारी आणि खासगी यांतला फरक बघून त्यांनी स्वतःच ती पानं मिटली. वरची, मुंबईतली नावं सोपी होती. केईएमच्या 250 जागा, ग्रँटच्या 250, सायनच्या 200. यादीत ती वर सगळेच लिहितात. खरी चर्चा त्याखाली. कळव्याचं राजीव गांधी महाविद्यालय ठाणे महापालिकेचं, 1992 पासूनचं, 100 जागा. डोंबिवलीहून स्लो लोकलने कोपर, दिवा, मुंब्रा आणि पुढे कळवा. आजीचं मत पक्कं, ‘घरून जाऊन-येऊन होईल.’ अंबरनाथचं सरकारी कॉलेज 2024 मध्ये सुरू झालं, तेही 100 जागांचं, उलट्या दिशेला तितकंच जवळ. पण ते अगदी नवं. मामांना नवी कॉलेजं पसंत नव्हती. वॉर्ड भरलेले हवेत, शिकवणारे पूर्ण हवेत. मामांचा मुद्दा रास्त होता. कळव्याच्या पाचशे खाटांच्या रुग्णालयात ठाण्यापासून शहापूरपर्यंतचे पेशंट येतात, तिथे विद्यार्थ्याला बघायला मिळतं ते कुठल्याही पुस्तकात नसतं.

मग कोकणातली कॉलेजं: अलिबाग, रत्नागिरी, ओरोस. आणि अगदी खाली गोंदिया. कल्याणला विदर्भ एक्सप्रेस पकडली की रात्रभराचा प्रवास. आईचा हात तिथे थांबला. ‘त्यापेक्षा मुंबईतलं डेंटल वर घेऊ या. घरी तरी राहील.’

मी काही बोलले नाही, मुलीकडे बघत राहिले. दोन वर्षं तिला या घरात अभ्यास किती झाला एवढंच विचारलं गेलं होतं. तिने सांगितलं की आजोबांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांच्या बोलण्यातला एकेक शब्द जसा परत आला ते तिने रोज बघितलं होतं, तिला मेंदूचं काम शिकायचं आहे. दातांचं काम वाईट नाही, पण आपलं नाही. गोंदिया डेंटलच्या वर गेलं. आईने मान्य केलं, पण लगेच नाही. आधी तिने गोंदियाच्या होस्टेलची चौकशी करायला एका नातेवाइकांना फोन लावला.

पहिल्या राउंडमध्ये अलिबाग लागलं. रायगडचं ते सरकारी कॉलेज 2021 पासूनचं. आता रिटेन्शनचा प्रश्न. जागा घेऊन रिटेन्शनचा फॉर्म भरला नाही, तर पुढच्या राउंडमध्ये यादीतलं वरचं कॉलेज मिळू शकतं. मिळालं की आधीची जागा आपोआप जाते. फॉर्म भरला, तर इथेच थांबलात. वडिलांना कळव्यासाठी थांबायचं होतं. यादीत कळवा वर लिहिलं होतं तेही तिनेच. पण ती अलिबागला रिपोर्टिंगला गेली होती, तिथल्या ओपीडीत दोन तास बसून आली होती, वरच्या वर्गातल्या मुलींशी बोलली होती. ‘बाबा, मला आता याद्या बघत बसायचं नाहीये. मला शिकायला सुरुवात करायचीय.’

तिने रिटेन्शन भरलं. वडील त्याच संध्याकाळी होस्टेलच्या फॉर्मसाठी लागणाऱ्या कागदांच्या झेरॉक्स काढायला स्टेशनकडे गेले.