वेगमर्यादा कुणाची, मरण कुणाचे?

द्रुतगती महामार्गांवर मोटारींना ताशी १४० किलोमीटरने धावू द्यावे, असे मत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीरपणे मांडले. वेग वाढला की अपघात वाढतात ही एक मानसिकता आहे, असेही ते म्हणाले. तेव्हापासून १२० की १४० हा वाद अधूनमधून पेटतो. रस्ते उत्तम झाले, गाड्या उत्तम झाल्या, मग मर्यादा जुनी कशाला, असे गाडीवाले विचारतात. प्रश्न वरवर रास्त वाटतो. मात्र मंत्रिमहोदयांनी त्याच वेळी आणखी तीन आकडे सांगितले होते. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर किमान १००, दुपदरी रस्त्यावर ८० आणि शहरातल्या रस्त्यावर ७५. १४० च्या गोंगाटात हे तीन आकडे कुणी ऐकलेच नाहीत.

आपला संबंध आहे तो याच तीन आकड्यांशी. समृद्धी महामार्गाला कुंपण आहे, तिथे दुचाकीला आणि पायी चालणाऱ्याला मज्जाव आहे. तिथे मरतात ते बहुतेक गाडीत बसलेले. चौपदरी महामार्गाचे तसे नाही. गावातली घरे, दुकाने, देवळे वाचावीत म्हणून रस्ता गावाबाहेरून वळवला जातो. गावाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या कुणाची घरे आहेत, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको. गावाला वळसा मिळाला, वस्तीच्या उंबऱ्याशी महामार्ग आला. शाळा पलीकडे, रेशनचे दुकान पलीकडे, रोजाने जायचे शेत पलीकडे.

६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० अशी कमाल मर्यादा ठरवली. चर्चा १२० ची झाली. आपण १०० चा हिशेब करू. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. चौपदरी रस्त्याची एक बाजू, कडेच्या पट्टीसह, नऊ मीटर तरी भरते. डोक्यावर सरपणाचा भारा असलेल्या बाईला ती ओलांडायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोटार अडीचशे मीटर पुढे येते. म्हणजे त्या बाईने अडीचशे मीटरवरच्या ठिपक्याकडे बघून त्याचा वेग ओळखायचा, आणि मग पाऊल टाकायचे! दुभाजकापाशी थांबून दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच करायचे. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० चे १२० झाले तर वेग दीडपट होतो आणि धडक सव्वादोनपट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. याला मानसिकता म्हणत नाहीत, पदार्थविज्ञान म्हणतात.

या बदल्यात मिळते काय? नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर सलग १२० ने गेले तर पाच तास पन्नास मिनिटे लागतात, १४० ने गेले तर पाच तास. बचत पन्नास मिनिटांची, तीही वाटेत चहाला न थांबता.

माझा व्यवसाय वकिलीचा आहे, म्हणून या वादातली एक गोष्ट मला अधिक खुपते. २०१९ साली झालेल्या एका अपघाताच्या दाव्यात मी एका शेतमजुराच्या विधवेची बाजू मांडत होतो. वस्ती महामार्गाच्या अलीकडे, विहीर पलीकडे. माणूस सकाळी पाणी आणायला गेला तो परतला नाही. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने बाईंना विचारले, ‘‘तुमचे पती जिथून रस्ता ओलांडत होते तिथे झेब्रा क्रॉसिंग होते का?’’ बाई म्हणाल्या, ‘‘ते काय असतं साहेब? हीर पल्याड हाय.’’ मोटारचालकाने शपथेवर सांगितले की वेग नव्वदच्या आसपास होता आणि मर्यादा शंभरची आहे. खोटे बोलला असे मला म्हणता येईना. निकालात मृताचीच पंचवीस टक्के हयगय धरली गेली आणि भरपाई तेवढी कापली गेली.

वेगमर्यादा वाढवण्याचा खरा अर्थ कोर्टात असा कळतो. रस्त्याकडेच्या पाटीवर आकडा बदलतो, पण त्याबरोबर निष्काळजीपणा कशाला म्हणायचे त्याची रेषाही सरकते. काल जो वेग गुन्हा होता तो आज बचाव होतो. केवळ वेग जास्त होता म्हणून हयगय सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या निकालात सांगितलेले आहेच. मग उरते काय? भरधाव गाडी कायद्यात बसते आणि विहिरीकडे जाणारा माणूस बसत नाही.

भरपाईचे गणितही समजून घ्या. मृताचे उत्पन्न, त्यात भविष्यातील वाढीची भर, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा, आणि त्याला वयानुसार गुणक. पस्तिशीच्या, कुटुंबात चार-पाच अवलंबून असलेल्या मजुराचे उत्पन्न कोर्टाने महिना आठ हजार धरले तर सारे मिळून सोळा लाखांच्या आसपास येते. महिना ऐंशी हजार पगाराचा माणूस गेला तर आकडा कोटीच्या पुढे जातो. यात न्यायाधीशांचा दोष नाही, सूत्रच उत्पन्नावर उभे आहे. आणि मजुराच्या उत्पन्नाचा पुरावा कुठून आणणार? मुकादमाची वही कोर्टात येत नाही. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सोळा लाखही विसरा. १ एप्रिल २०२२ पासून अशा मृत्यूला दोन लाख मिळतात. त्याआधी पंचवीस हजार मिळत. २०२२ या एका वर्षात देशात अशा पळून गेलेल्या वाहनांनी तीस हजारांहून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी रस्त्यांवर एकूण १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि सुमारे ७५ हजार दुचाकीवरचे. वेगमर्यादा वाढवा म्हणणाऱ्यांच्या परिसंवादात यांचा प्रतिनिधी मी तरी पाहिलेला नाही.

अपघाताला कारण फक्त चालक असतो, असे मानणाऱ्यांनी चाळीसगाव आठवावे. १९२९ साली बाबासाहेब तिथे टांग्यातून पडले आणि त्यांचा पाय मोडला. टांगा हाकणाऱ्याला टांगा हाकता येत नव्हता हे खरे. पण ज्यांना हाकता येत होता त्यांनी महाराचा टांगा हाकायला नकार दिला होता, आणि पाहुण्याला पायी न्यायचे नाही म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. बाबासाहेबांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. पोलिसाच्या पंचनाम्यात फक्त नवखा टांगेवाला आला असता.

१५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे वैजापूरजवळ समृद्धीवर ट्रकला मागून धडकलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बारा जण गेले. सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणारी ती गोरगरीब माणसे क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या गाडीत होती. आपलीही माणसे १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, १ जानेवारीला अशीच जातात, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वर्गणी कमी पडते म्हणून एका गाडीत दोन गाड्यांची माणसे कोंबायची, आणि रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरला पहाटे पुन्हा हाकायला लावायचे. सरकारला जाब विचारताना ही सवय आपण बाजूला ठेवू शकत नाही.

२०१८ ची ती अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केली. भरधाव वेगाने सर्वाधिक माणसे मरतात हे सरकारच्याच आकडेवारीत असताना मर्यादा वाढवायची कशी, असा तो साधा मुद्दा होता. पाठोपाठ दोन महिन्यांत १४० ची भाषा आली! तो निकाल ज्या दाव्यातून निघाला त्यातली जखमी व्यक्ती दंतवैद्य होती आणि तिची भरपाई सुमारे साडेअठरा लाखांवरून दीड कोटीपर्यंत गेली. ती मिळायलाच हवी होती, नव्वद टक्के अपंगत्व आलेल्या बाईंना ती थोडीच म्हणावी लागेल. पण मला राहून राहून ती विहीर आठवते.

दिल्लीने कमाल आकडा कितीही ठरवला तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ (२) खाली राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण एखाद्या ठिकाणी तो कमी करू शकते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्याकडे वस्तीचा अर्ज जातो किती वेळा? अर्जात अपघातांच्या तारखा आणि फिर्यादींचे क्रमांक द्यावेत, सेवा रस्ता आणि भुयारी मार्ग मागावा, आणि तो होईपर्यंत वस्तीपुरती चाळीसची मर्यादा मागावी. रस्त्याच्या रचनेत सुरक्षेचे निकष पाळले नाहीत तर कंत्राटदाराला आणि अधिकाऱ्यालाही कलम १९८ अ लागते, दंड एक लाखापर्यंत. रक्कम किरकोळ आहे, पण नाव कागदावर येते. भरपाईच्या अर्जाला २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्या भरवशावर बसू नये, तेरवीची वाट न बघता वकील गाठावा. पळून गेलेल्या गाडीचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

मी ज्या वस्तीचे सांगितले तिथे पुढे भुयारी मार्ग झाला. तो वस्तीपासून दीड किलोमीटरवर आहे, साखर कारखान्याच्या फाट्याला सोयीचा पडेल असा. माणसे अजून दुभाजकाच्या फटीतूनच पलीकडे जातात. गेल्या वर्षी मी गेलो तेव्हा त्या फटीच्या दोन्ही बाजूंना पोरांनी लाल कापडाचे तुकडे बांधलेले होते.