पाणीवाल्या बाई आणि गर्भजल परीक्षा

माझा दवाखाना अंधेरीला आहे. पावसाळ्यात कावीळ, विषमज्वर, जुलाबाचे रुग्ण आले, की मी आधी विचारतो, "पाणी कुठलं पिता?" औषधाची चिठ्ठी त्यानंतर. हाच पाण्याचा प्रश्न शेजारच्या गोरेगावातील एका बाईंनी माझ्या जन्मापूर्वी मुंबई महापालिकेपुढे मांडला होता. त्या म्हणजे मृणाल गोरे.

मृणालताईंचा जन्म १९२८ चा. वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९६१ साली नगरसेविका झाल्या. उपनगरांतील बायका तेव्हा हंडे-कळशा घेऊन नळावर ताटकळत. त्यांना बरोबर घेऊन ताईंनी मोर्चे काढले आणि 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना कायमचे मिळाले. १९७२ साली त्या आमदार व १९७७ साली खासदार झाल्या. मोरारजी देसाईंनी देऊ केलेले आरोग्य खात्याचे मंत्रिपद त्यांनी स्वीकारले नाही.

आरोग्यासाठी त्यांचे मोठे काम त्यानंतरचे आहे. गर्भाशयातील थोडे पाणी सुईने काढून गर्भात काही आनुवंशिक दोष आहे का, हे पाहण्यासाठी गर्भजल परीक्षा निघाली. ऐंशीच्या दशकात मुंबईत मात्र मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी तिचा सर्रास वापर होऊ लागला. हे करणारे आमच्याच व्यवसायातले होते. स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी विरोध केला. पुन्हा आमदार झालेल्या मृणालताईंनी विधानसभेत बंदीसाठी अशासकीय विधेयक आणले. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. संसदेचा कायदा १९९४ साली झाला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला.

आता माझी गोष्ट. दवाखाना टाकून दोन-तीन वर्षे झाली होती. दोन मुलींची आई सासूबाईंबरोबर आली. तिसरा महिना होता. सासूबाईंनी हळूच विचारले, "डॉक्टर, तपासून सांगणारं कुणी ठाऊक आहे का हो?" मी "नाही" म्हणालो आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. महिन्याभराने ती एकटीच आली. चेहरा पांढराफटक, रक्तस्राव थांबत नव्हता. तातडीने रुग्णालयात पाठवले म्हणून वाचली. कुठे गेली होती, हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या दिवशी दोघींना बसवून पाच मिनिटे बोललो असतो तर, ही चुटपुट आजही आहे.

आता मी बोलतो, आणि नवऱ्यालाही बोलावतो. स्त्रीबीजात फक्त 'एक्स' गुणसूत्र असते. पुरुषबीजात 'एक्स' किंवा 'वाय' असते. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, मग सुनेला बोल कशाला? गर्भाची वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफी जरूर करावी, पण लिंग विचारू नये. विचारणारे नातेवाईक आणि सांगणारा डॉक्टर दोघेही गुन्हेगार ठरतात. पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

कायदा झाला, तरी सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. मृणालताई २०१२ साली गेल्या. वाचकहो, घरात कुणी ही गोष्ट काढली, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.