दुरुस्तीचे मेज

जपानच्या ताइतो कंपनीने १९७८ साली काढलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळयंत्रात इंटेल ८०८० हा सूक्ष्मप्रक्रियक आहे. त्याला +५, -५ आणि +१२ व्होल्ट असे तीन विद्युत्दाब लागतात. म्हणून घरी असे यंत्र दुरुस्त करू इच्छिणाऱ्याने मेजावर प्रथम भरवशाचा वीजपुरवठा सिद्ध ठेवावा, आणि सर्किट जोडण्यापूर्वी प्रत्येक दाब मल्टिमीटरने मोजून पाहावा. ५ व्होल्टांच्या जागी १२ व्होल्ट गेले, तर आता सहजी न मिळणारे जुने आयसी क्षणात निकामी होतात. चित्रनलिकेचे भय याहून मोठे. यंत्र बंद केल्यावरही तीत हजारो व्होल्टांचा विद्युत्भार टिकून राहू शकतो. आयसीची हानी भरून निघेल, जिवाची नव्हे. तेव्हा नवशिक्याने सर्किटापुरतेच काम करावे आणि चित्रनलिका जाणत्या कारागिराकडे सोपवावी, हे श्रेयस्कर.